विचार आणि विकल्प

साधकाने अंतर्मुख व्हावे, असे सर्वच सांगतात. परंतु अंतर्मुख होऊन जो आपल्याच मनाशी अहोरात्र वाद घालीत बसतो, त्याला आत्मज्ञान झाले असे म्हणावे काय? सूत्रपाठात ‘विचार’ व ‘आचार’ अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांचा निवाडा करणे हे विचाराचे कार्य. निवाडा झाला की बुद्धी स्थिरावते व पाऊल पडते. विकल्पाला मात्र थांबणे ठाऊक नाही.

म्हाइंभट हे वादविद्येत मुरलेले पंडित. सर्वज्ञांकडे ते प्रथम आले तेही पांडित्याच्या अभिमानाने. त्याच बुद्धीला पुढे केवढे निराळे काम लाभले! तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञांच्या प्रयाणानंतर त्यांनी भक्तांकडे जाऊन लीळा विचारल्या, आणि श्रीनागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. स्वामी कोठे बसले, काय बोलले, कोणाशी बोलले, एवढेच ऐकावयाचे. स्वतःची कल्पना मध्ये घालावयाची नाही. पंडिताला हे किती कठीण गेले असेल, हे पंडितच जाणोत.

कोणी म्हणेल, अनुताप तर आपल्या मार्गात मान्यच आहे. मग दोषांचे चिंतन कसे सोडावे? अनुताप मान्यच आहे. पण भावाला कठोर बोललेला मनुष्य ‘मी असा कसा, मी अपात्रच’ म्हणून तीन रात्री तळमळतो, आणि ज्याचे मन दुखावले तो भाऊ भिंतीपलीकडेच असतो! त्याच्या दाराशी जो जात नाही, त्याच्या तळमळीत अनुताप थोडा व अहंकार फार, असे माझे स्पष्ट मत आहे. अपराधीपणातही तो स्वतःलाच कुरवाळीत असतो.

स्मरणाला विषय असतो: नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा. म्हणून भरकटलेले मन तेथे लगेच उघडे पडते. आमच्या नाशिक जिल्ह्यात बाणगंगेच्या काठी मौजे सुकेणे येथे दर्शनास आलेला शेतकरी मस्तक टेकवितो, आणि मन लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव विचारीत असते. हे त्याला टेकल्या मस्तकानेच उमगले, तर ते दर्शन वाया गेले असे मी म्हणणार नाही. आपला जीव कशात गुंतला आहे, हे त्याला पोथी न उघडता कळले. आता तेथेच बसून ‘माझे मन असे का’ याची चिकित्सा त्याने आरंभू नये. नाम घ्यावे आणि दुसरा दंडवत घालावा.