गोळी कोणाला लागली?

परदेशांत काही लोक धातुशोधक यंत्र घेऊन शेतातून फिरतात. यंत्र वाजले की माती उकरायची. पुष्कळदा हाती येते ती बंदुकीची जुनी गोळी. आपल्याकडे हे काम नांगराचा फाळ किंवा पायाचे खोदकाम करते. अशी गोळी सापडली तर ती ओळखायची कशी?

जाणकाराला ते फारसे अवघड नाही. गोळी गोल, शिशाची आणि पांढरट पुट चढलेली असेल तर ती जुन्या ठासणीच्या बंदुकीची. निमुळती आणि बुडाशी पोकळ असेल तर साधारण १८५० नंतरची. शिशावर कठीण धातूचे कवच असेल आणि अंगावर डावीकडे वळणाऱ्या पाच खुणा असतील, तर ती बहुधा ब्रिटिश फौजेच्या .३०३ रायफलीची. जवळच रिकामी पुंगळी सापडली आणि तिच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर ते काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार झालेले. (काडतूस जिवंत असेल तर मात्र हात न लावता पोलिसांना कळवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ते विनापरवाना जवळ बाळगणे गुन्हा आहे.)

म्हणजे बंदूक कळली, काळ कळला, कारखानाही कळला. पण ती गोळी कोणाला लागली? हे मात्र ती सांगत नाही.

आपल्या गिरणगावाला हा प्रश्न परका नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचा उठाव सुरू झाला. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. त्या दिवशी परळला कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतली किती नावे आपल्याला ठाऊक आहेत?

कोणी म्हणेल, जुन्या गोळ्या जमवण्यात वाईट ते काय? वाईट काहीच नाही. त्यातून इतिहास कळतो, न्यायालयात गुन्हाही सिद्ध होतो. पण वस्तूची ओळख पटवताना आपण जेवढे काटेकोर असतो, तेवढे माणसाच्या बाबतीत असतो का? रायफलीचा नंबर आपण दशांशात सांगतो आणि मेलेल्यांचा आकडा ‘दोनशेच्या वर’ म्हणून मोकळे होतो. दोनशेच्या वर म्हणजे नेमके किती आणि कोण, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक होते. त्यांच्यासाठी तो आकडा नव्हता. घरातले रिकामे झालेले ताट होते.

हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. तेथून जाताना आपण ती कधी वाचली आहेत का? आणि १९४६ चे ते दिवस लहानपणी पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. आपल्या चाळीत, इमारतीत अशी एखादी आजी किंवा आजोबा असतील. या आठवड्यात त्यांच्याजवळ थोडा वेळ बसू या. कोण गेले ते विचारू या, आणि ते नाव लिहून ठेवू या.