खोबणीतला मोबाइल

आमच्या नव्या गाडीत गिअरच्या पुढेच मोबाइलसाठी खोबण आहे. तळाला रबर, शेजारी चार्जिंगची सोय. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र चिकटपट्टीवर. आमची ही म्हणाली, "मोबाइलची जागा कंपनीनं केली, देवाची आपण करायची."

पतंजलींच्या अष्टांगयोगात प्रत्याहार पाचवा, धारणा सहावी. आधी इंद्रियं आवरायची, मग चित्त एका जागी बांधायचं. खोबण फक्त हात मोकळा करते, चित्त नाही. ताशी 60 किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी 33 मीटर आंधळी धावते. 2020 पासून मोटार वाहन नियमही चालकाला मोबाइल फक्त रस्ता पाहण्यापुरता वापरू देतो, तोही एकाग्रता न ढळता.

तेव्हा नकाशा आधी लावा, मोबाइल मुका करा, मगच किल्ली फिरवा. एवढा प्रत्याहार संसारी माणसालाही जमतो.