उंची आणि उतार

डोंगरी भागाच्या विकासाचं व्यवस्थापन हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे माझ्या एका निवृत्त अधिकारी स्नेह्यांना पटत नाही. "अहो, अंदाजपत्रक, निविदा, देखरेख. डोंगरात त्यात काय वेगळं? फार तर निकष थोडे सैल करा." त्यांचं हे बोलणं मला टोचत राहिलं आहे.

निकष तर सैल केलेलेच आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० लोकांमागे. ग्रामसडक योजनेतही सपाटीवर ५०० वस्तीची अट होती, डोंगरात २५०ची. आकडा उतरला, पण मोजायची ती डोकीच. दोन वाड्यांमधली दरी किती खोल आहे, ओढा पावसाळ्यात किती दिवस वाट अडवतो, हे त्या हिशेबात येतच नाही.

माझ्या मते डोंगराकडे पाहणारे काही उंची पाहतात, काही उतार. उंचीला हवा असते, देखावा असतो, बंगल्याच्या जागेचा भाव असतो. उतारावर माती आणि पाणी दोन्ही खाली निघालेली असतात, आणि तिथं राहणाऱ्याला ती धरून ठेवायची असतात. आपले आराखडे बहुतेक उंची पाहून होतात.

आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातली पडकई घ्या. उन्हाळ्यात वाडीतली माणसं मिळून एकाच्या पडीक उतारावर जातात, जमीन खणतात, दगडांची ताल रचतात आणि भाताचं खाचर उभं करतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ताल कुठं घालायची, पाणी कुठून काढून द्यायचं, हे ज्यांना खालच्या अंगाला राहायचंय तेच ठरवतात. यंत्र हेच काम झपाट्यानं उरकतं, पण ठरवणारे बाजूला पडतात. ३० जुलै २०१४ला याच पट्ट्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाकडे बोटं दाखवली गेली. त्यावर वादही झाला. पाऊसही भयंकर होता. तो निवाडा मी करत नाही. पण पुढे २०२१मध्ये तळिये, २०२३मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. मग तालुक्याच्या कचेरीत उतार वाचता येणारं एकही माणूस नसावं, हे आपण कसं चालवून घेतो?

उत्तर इटलीत, आल्प्समधल्या एडोलो या लहानशा गावात, मिलान विद्यापीठ १९९६पासून डोंगरी भागाचा अभ्यासक्रम चालवतं. त्या देशाच्या राज्यघटनेच्या ४४व्या कलमातही डोंगरी भागांचा वेगळा उल्लेख आहे. असं काही कोयनेकाठच्या डोंगरी पाटणला सुरू व्हावं, असं मी स्नेह्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "होईल. तुमचा पदवीधर पाटणला बसेल. पण पाटणचे निर्णय पाटणला होतात का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून १,९२० मेगावॉट क्षमतेचे वीजसंच चालतात. मुंबई भातसा-वैतरणेचं पाणी पिते, पुणे पानशेत-वरसगावचं. ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या त्यांचं भवितव्य सपाटीवरच्या कचेऱ्यांत ठरलं. पश्चिम घाटात काय व्हावं हे ग्रामसभांना विचारा, असं माधव गाडगीळ समितीनं २०११मध्ये सुचवलं, त्यालाही विरोधच अधिक झाला. अशा वेळी डोंगराची वेगळी पदवी काढली, तर सपाटीवरचे लोक "तो त्यांचा विषय" म्हणून मोकळे होतील, ही भीती मला आता खरी वाटते.

म्हणून माझी मागणी आता बदलली आहे. स्थापत्य अभियंते, नगररचनाकार, प्रशासनात नव्यानं येणारे अधिकारी यांना हा अभ्यास सक्तीचा करा, आणि त्यातला एक पावसाळा एखाद्या वाडीवर काढायला लावा. परीक्षा तोंडी, तीही वाडीतल्या लोकांसमोर: तुमच्या उतारावर आम्ही अमुक एक काम का करणार आहोत, हे त्यांना समजावून सांगायचं. त्यांना पटलं नाही, तर आराखडा परत न्यायचा आणि नव्यानं करून आणायचा.