मनाचे दुखणे आणि आपली श्रद्धा



काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक बांधव आम्हाला भेटले. चाकणला रात्रपाळी, डोक्यावर घराचा हप्ता आणि तीन महिने धड झोप नाही. "फादर, जगावंसं वाटत नाही," ते म्हणाले. आम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, "जपमाळ करा, सर्व ठीक होईल." प्रार्थना करायला सांगण्यात चूक नव्हती. तेवढेच सांगून त्यांना घरी पाठवले, ही आमची चूक होती. पुढे त्यांच्या पत्नीने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, आणि ते सावरले.

आमच्या त्या उत्तरामागे एक गैरसमज होता : मन खचले म्हणजे श्रद्धा कमी पडली. पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथात, १९ व्या अध्यायात, एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. एवढा मोठा संदेष्टा! देव त्याला रागावत नाही. देवदूत येतो, त्याला भाकरी आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. उपदेश नाही, आधी शुश्रूषा.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दुःखावरचे उपाय सांगितले. त्यांत सत्याचे चिंतन आहे, तसेच रडणे, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नानही आहे. कारण त्यांच्या मते माणूस म्हणजे शरीरात कोंडलेला आत्मा नव्हे. शरीर आणि आत्मा मिळून एक माणूस. म्हणून एकाचे दुखणे दुसऱ्यापर्यंत पोहोचते.

काही जण विचारतात, "पापनिवेदन असताना समुपदेशक कशाला?" पापनिवेदनात पापाची क्षमा मिळते. पण आजार हे पाप नव्हे. ज्याची क्षमा मागायची गरजच नाही, त्याची माणूस वारंवार क्षमा मागत राहिला, तर त्याचे ओझे वाढते. तसेच, समुपदेशक पापक्षमा देऊ शकत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत.

"तिथे वेडे लोक जातात," हा आणखी एक समज. कारखान्यात मशीनचा आवाज बदलला की आपण लगेच मेंटेनन्सला कळवतो, ब्रेकडाऊनची वाट पाहत नाही. मनाच्या बाबतीत मात्र वाट पाहतो, कारण शेजारी काय म्हणतील! मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवली जाते. प्रत्येकाला गोळ्याच घ्याव्या लागतात असेही नाही. पुष्कळांना बोलण्याच्या उपचारानेही गुण येतो. गोळ्या लागल्याच, तर मधुमेहाच्या गोळ्या घेताना आपण लाजतो का?

पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्रपाळीतही लागतो आणि मराठीत बोलता येते.

आणि आमच्याकडेही जरूर या. आम्ही तुमच्यासोबत प्रार्थना करू आणि, गरज असेल तर, दवाखान्याच्या दारापर्यंत तुमच्यासोबत येऊ. त्या बांधवांसोबत आम्ही गेलो नव्हतो.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू