धरलेली डूख, फेडलेली डूख

इंडोनेशियन भाषेत सूड दोन शब्दांत सांगावा लागतो. 'देंदाम' म्हणजे मनात धरलेली डूख आणि 'बालास देंदाम' म्हणजे ती फेडणे. इंग्रजी 'रिव्हेंज'चे लक्ष फेडण्याच्या कृतीवर. देंदामचे लक्ष त्याआधीच्या वर्षांवर. गंमत म्हणजे 'रिंदू देंदाम' म्हटले की हाच शब्द जिवाच्या ओढीचा होतो. वैरी आणि प्रियजन, दोघांनाही माणूस तसाच घोकत बसतो!

अर्थात शब्दकोशावरून समाजाचा स्वभाव ओळखू नये. फेडाफेडीत जावा बेट कुठे कमी पडले नाही. 'पारारातोन' या जुन्या जावानी ग्रंथातली केन आरोकची कथा तिथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. एम्पू गांद्रिंग नावाच्या लोहाराकडे त्याने क्रिस, म्हणजे खंजीर, घडवायला दिला आणि वेळेत झाला नाही म्हणून त्याच खंजिराने लोहाराला मारले. मरता मरता लोहाराने शाप दिला. पुढे आरोकने तुमापेलच्या तुंगुल आमेतुंगला मारून त्याची बायको केन देदेस आणि सत्ता, दोन्ही घेतले व 1222 मध्ये तो राजा झाला. देदेसच्या पोटातला आमेतुंगचा मुलगा अनुसपती मोठा झाला, खरा बाप कोण ते त्याला कळले, आणि त्याने आरोकला मारवले. आरोकच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा तोहजय याने अनुसपतीला कोंबड्यांच्या झुंजीच्या वेळी संपवले. तोहजयही टिकला नाही. मग गादीवर आला अनुसपतीचा मुलगा रंगावुनी, आणि राज्यकारभारात त्याच्या जोडीला होता महिषा चंपक, आरोकचा नातू. मारणाऱ्याचा आणि मरणाऱ्याचा वंश एकत्र राज्य करू लागला तेव्हा हे प्रकरण मिटले. शापापेक्षा मला हा शेवट महत्त्वाचा वाटतो. कथा सांगणारे मात्र खंजिरातच रमतात.

इंग्रजीत फ्रान्सिस बेकनने 1625 मध्ये सुडावर छोटा निबंध छापला. सूड हा रानटी न्याय आहे, तो कायद्याचे काम हिसकावून घेतो, असे त्याचे म्हणणे. (हा गृहस्थ स्वतः लाच घेतल्याबद्दल 1621 मध्ये न्यायपदावरून गेला होता.) पण त्याने एक फट ठेवली: ज्या अन्यायावर कायद्यात इलाजच नाही, तिथला सूड त्यातल्या त्यात सहन करण्यासारखा.

इंडोनेशियात 1965-66 मध्ये नेमका असा, कायद्यात इलाज नसलेला अन्याय घडला. कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसे मारली गेली, लष्कराच्या पुढाकाराने. कायदाच मारेकऱ्यांच्या बाजूला. जोशुआ ओपनहायमरच्या 'द लुक ऑफ सायलेन्स' (2014) या माहितीपटात आदी नावाचा चष्मेवाला आपल्या भावाच्या मारेकऱ्यांचे डोळे तपासतो आणि तपासता तपासता प्रश्न विचारतो. हातात भिंगे, खंजीर नाही. त्याला हवी फक्त कबुली. तरी समोरचे गुरगुरतात, जुनी जखम उकरू नकोस म्हणतात. एका मारेकऱ्याची मुलगी तेवढी माफी मागते. सत्य मागणाऱ्यालाच 'डूख धरणारा' ठरवणे ही ताकदवानांची जुनी युक्ती आहे. बेकनचा निबंध त्यांच्या फार सोयीचा. त्यातली ती फट मात्र ते वाचत नाहीत.

जानेवारी 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी या हत्यांसह मानवाधिकारांच्या बारा गंभीर उल्लंघनांबद्दल खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. त्या हत्यांसाठी इंडोनेशियातल्या कुठल्याही न्यायालयात एकाही मारेकऱ्यावर खटला चाललेला नाही.