सरवा कोणाचा?

शंका : दर्यापूरकडे आमचं बारा एकर वावर आहे. हार्वेस्टरनं सोयाबीन काढलं की बराच सरवा पडतो. निंदणाला येणाऱ्या आमच्या बायांनाच मी तो वेचू देतो, बाकीच्यांना हाकलतो. वर्षभर राबणाऱ्यांना आधी द्यावं, यात वावगं काय? मुलगा म्हणतो, ज्यू धर्मात याला लूट म्हणतात. खरं का?

समाधान : खरं आहे. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायात सांगितलंय, की शेताचा कोपरा कापू नका आणि पडलेलं उचलू नका. ते गरिबाचं आणि परक्याचं. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, यावर ‘पेआ’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. कोपरा किमान साठाव्या हिश्शाचा, म्हणजे तुमच्या बारा एकरांत आठ गुंठे! नियम कडधान्यालाही लागू. दोन कणसं एकत्र पडली तर गरिबाची, तीन पडली तर मालकाची, इतका बारीक हिशेब. आणि एकाला वेचू देऊन दुसऱ्याला अडवणारा गरिबांना लुटतो, हेही तिथंच स्पष्ट म्हटलंय.

कारण त्या विचारात जमीन देवाची, शेतकरी नुसता कूळ. सरवा मुळात त्याचा नाहीच, मग तो कोणाला द्यायचा हे ठरवणारा तो कोण? दान देताना माणूस पात्र बघतो. इथे दानच नाही. तुम्ही मात्र आपल्या बायांचा बोनस दुसऱ्यांच्या वाट्यातून देताय. त्यांच्या राबण्याची कदर करायची तर रोज वाढवा, तो तुमच्या खिशातला.

हे नियम मुख्यतः इस्राएलच्या भूमीपुरते, हेही सांगायला हवं. शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले कोकणातले बेने इस्राएल ज्यूसुद्धा कोपऱ्याला तसे बांधील नव्हते, मग तुम्ही कुठले! तरी हाकलणं तेवढं थांबवा.

शंका : अकोटला आम्ही कापूस वेचणीचा चुकारा बाजाराच्या दिवशी करतो. ज्यू धर्मात सूर्यास्ताआधी मजुरी द्या म्हणतात. मग आम्ही दोषी का?

समाधान : आठवड्याच्या बोलीनं बाया लावल्या असतील तर नाही; मिश्नेनं तशी मुदत मान्य केली आहे. रोजानं लावल्या असतील, बाजाराच्या दिवशी चुकारा होतो ही रीत त्यांना आधी ठाऊक नसेल आणि बाईनं पैसे मागितले, तर बाजाराकडे बोट दाखवता येत नाही. बोली मात्र कामाला लावतानाच झालेली हवी, चुकाऱ्याच्या वेळी नव्हे.