राजदूतची टाकी

शेंद्र्याच्या एमआयडीसीत, एका लहान कारखान्याच्या पॅकिंगमध्ये आप्पांचा मुलगा कामाला होता. २००१ मध्ये स्कोडा आली आणि शेंद्र्याचं नाव मोटारींशी जोडलं गेलं. हा कारखाना मात्र सुट्या लोखंडी भागांचा. माल इथून न्हावाशेव्याला जायचा आणि तिथून जहाजानं परदेशी. समुद्रावर कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार पडतो. मग आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि थेंबथेंब मालावर पडते. म्हणून पॅकिंगचा क्रम ठरलेला होता: भाग धुवायचा, गरम हवेत वाळवायचा, गंज रोखणारं आरपी ऑइल लावायचं आणि मगच व्हीसीआयच्या, म्हणजे गंजरोधक वाफ सोडणाऱ्या, पिशवीत बंद करायचा. हातमोजे न घालता भाग उचलला, तर घामाचे ठसे पुढे गंज होऊन उमटतात. नव्या पोरांना तो हे ओरडून सांगे. नुसती ओल दिसली म्हणून भरलेला क्रेट त्यानं माघारी धाडला होता.

घरी आप्पांची राजदूत होती. दुधाचे कॅन वाहण्यात तिचा जन्म गेला. चेसीला तडा गेला तेव्हा करमाडच्या मिस्त्रीनं निरोप दिला, "वेल्डिंग करायचंय, टाकी काढूनच गाडी आणा." बरोबरच होतं. रिकामी टाकी म्हणून कुणी बिनधास्त राहू नये. पेट्रोल ओतून घेतलं तरी वाफ मागे राहते, आणि हवेत मिसळलेल्या त्या वाफेचाच स्फोट होतो.

"टाकी माझ्याकडे द्या," मुलगा म्हणाला. "कंपनीत ठेवतात तशी ठेवतो."

त्यानं अंगणात धुण्याची पावडर टाकून टाकी खळखळून धुतली. काळं, चिकट पाणी निघालं; स्वच्छ येईपर्यंत तो पाणी ओतत राहिला. मग टाकी उलटी करून निथळली, बाहेरून पुसली, कॉक आणि झाकण घट्ट केलं, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. बांधणी बघण्यासारखी होती. आप्पा बाजेवर बसून कौतुकानं बघत होते. टाकी माळ्यावर गेली, तेव्हा मृग तोंडावर आला होता.

वेल्डिंग झालं, पण इंजिनचा एक भाग मिळेना. पावसाळा उलटला. नळी आणि कॉक जुळवून बघायला मिस्त्रीनं टाकी मागवली. पिशवी फाडली, झाकण उघडलं, बॅटरीचा उजेड टाकला. आतला पत्रा विटेसारखा लाल! टाकी हलवली तर खपल्या वाजल्या, आणि कॉकची जाळी तांबड्या गाळानं बुजलेली.

"पण आत पाणी जायला जागाच नव्हती," मुलगा म्हणाला.

"जायला कशाला पाहिजे? होतंच की आत. तू कोंडून ठेवलंस." मिस्त्रीनं खालच्या जोडावर बोट ठेवलं. "हितं पाणी अडकतं. दिवसा त्याची वाफ, रात्री परत थेंब. आणि धुतली कशानं?"

"पावडरनं."

मिस्त्री हसला. "अरे, टू-स्ट्रोक गाडी ही. आप्पांनी इतकी वर्षं पेट्रोलात ऑइल मिसळून ओतलं. पेट्रोल उडून जातं, ऑइल पत्र्यावर राहतं. त्याच्यावरच टाकी टिकली होती. तू ते घाण म्हणून धुऊन टाकलंस. तुमच्या कंपनीत असंच बांधतात का?"

"नाही. आधी वाळवतो, मग तेल लावतो."

"मग?"

"तिथं क्वालिटीवाले बघतात."

मिस्त्री काही बोलला नाही. आप्पाच म्हणाले, "हितं मी बघत होतो की. तू कंपनीतला, मला त्यातलं काय कळतंय, म्हणून गप बसलो."

नशिबानं पत्र्याला भोक पडलं नव्हतं. मिस्त्रीनं आत व्हिनेगर भरलं, एक दिवस ठेवलं. मग मूठभर जुने नट टाकून टाकी खूप हलवली. गंज सुटल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, नाहीतर राहिलेलं आम्ल पत्रा खात बसतं. इथवर घाई नव्हती; पुढे मात्र त्यानं दम घेतला नाही. उघड्या ओल्या पत्र्यावर काही तासांतच नवा गंज धरतो. कंप्रेसरची हवा मारली, जोडातली शेवटची ओल निघेपर्यंत मारली, आणि लगेच अर्धा कप ऑइल ओतून टाकी चहूबाजूंनी फिरवली. उरलेलं ऑइल काढून घेतलं. आत थोडं पेट्रोल राहू द्यावं असं काहीजण सांगतात. आताच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढतं. तो सल्ला आता टाकून द्यावा.

इंजिनचा भाग अजून आलेला नव्हता. टाकी परत माळ्यावर गेली, या वेळी जुन्या सुती धोतरात, लाकडी फळीवर. सिलिका जेलची पुडी दोऱ्याला बांधून तोंडातून आत सोडली होती. ऑइल हळूहळू खाली ओघळतं, म्हणून अधूनमधून सुट्टीच्या दिवशी मुलगा टाकी उतरवून फिरवी.

एकदा फिरवून तो झाकण लावणार, तोच आप्पांनी हाक मारली.

"आण हिकडं."

त्यांनी तोंडातून बोट घातलं, आतल्या बाजूनं वरच्या पत्र्याला फिरवलं आणि बाहेर काढून उजेडात धरलं. बोट जवळजवळ कोरडंच.

"वर लागलं नाही. अजून एकदा फिरव."